ओढ एका अंगाची नसते

(नांदगाव पेठ, गोकुळाष्टमी सप्ताहातील कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले.)

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

मायबाप श्रोतेहो, अभंग म्हणून झाला, ध्रुपद टाळकऱ्यांनी उत्तम धरलं. आता निरूपणाचा प्रांत. पण चरण हाती घेण्याआधी आज दुपारचा एक प्रसंग सांगतो, कारण आजची सगळी सेवा त्या प्रसंगातूनच निघाली आहे.

दुपारी मुक्कामाच्या घरी ओसरीवर पोथी वाचत बसलो होतो. एक म्हातारी माय काठी टेकत आली. दरवर्षी कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर पायी पंढरीला जाणारी. यंदा गुडघ्यांनी ऐकलं नाही, आषाढी घरीच झाली. पाया पडू नका म्हटलं तरी पडली, खाली बसली, थोडा दम घेतला आणि म्हणाली, "महाराज, एक इचारू का? मले त्याची ओढ हाय. लहानपनापासून हाय. पन त्याले माही ओढ हाय का?"

आता सांगा, काय उत्तर द्यावं? कीर्तनकाराला उत्तरं पाठ असतात. पाठ असलेलं एखादं देऊन टाकलं असतं तर ती समाधानानं गेलीही असती. पण तिच्या तोंडाकडे पाहून पाठ उत्तर देववलं नाही. म्हटलं, "माय, रात्री कीर्तनाला या. तिथं बोलू." ती आली आहे. मागच्या खांबाला टेकून बसली आहे. म्हणून आज विषय एकच. ओढ.

शब्द साधा आहे. विहिरीतून पाणी ओढतो, बैल वखर ओढतो, लेकराला आईची ओढ असते. संस्कृतात या ओढण्याला धातू आहे कृष्. नांगर ओढून जी करायची ती कृषी. जवळ ओढून घेणं ते आकर्षण. आणि जो सगळ्यांना आपल्याकडे ओढतो तो, असं आपले आचार्य सांगतात, कृष्ण. म्हणजे शेतकऱ्याचा धंदा आणि देवाचं नाव एकाच आईची लेकरं. दुसरा शब्द गुरू. गुरू म्हणजे शिकवणारा, हे आपल्याला ठाऊक. पण त्याचा एक जुना अर्थ जड, भारी. वृत्त शिकताना लघु-गुरू म्हणतो, तोच गुरू. जडपणा म्हणजे गुरुत्व, आणि त्या जडपणापायी एक वस्तू दुसरीला ओढते, त्याला शाळेच्या पुस्तकात नाव दिलंय गुरुत्वाकर्षण. पोरं तो शब्द परीक्षेपुरता पाठ करतात आणि आपण वारकरी म्हणतो, हा काही आपला विषय नाही. अहो, गुरू त्यात आहे, कृष्ण त्यात आहे. मग आपला विषय कसा नाही?

इथून मोर्शी-वरुडकडे जा, नाहीतर चांदूर बाजारकडे. या दिवसांत संत्र्याच्या बागेत पाय टाकवत नाही. आंबिया बहार झाडावर आणि खाली हिरव्या फळांचा सडा. फळगळ! शेतकरी पहाटे बागेत जातो आणि रात्रीतून किती गेली ते मोजत बसतो. पाऊस जास्त झाला, मुळाशी पाणी तुंबलं, बुरशी आली, पतंगानं फळाला सोंड लावली. कारणं कृषी खात्याचे लोक सांगतात, त्यांचं ऐकावं. मला वेगळं विचारायचं आहे. ते फळ खाली ओढलं कधी गेलं? ज्या रात्री पडलं त्या रात्री? फूल गळून गाठ धरली, वाटाण्याएवढं हिरवं फळ झालं, त्या दिवसापासून धरती त्याला ओढतच होती. रात्र नाही, दिवस नाही, सणवार नाही. देठ घट्ट होता तोवर ओढ दिसली नाही. देठ सुटला आणि दिसली. ओढ त्या रात्री नव्यानं आली नाही. तिला अडवणारा गेला. उपनिषदात आत्म्याच्या निघून जाण्याला देठावरून सुटणाऱ्या फळाचा दृष्टांत दिला आहे. त्या ऋषीच्या दारी संत्रं नसेल, आंबा-उंबर असेल. पण देठ तोच.

आता माझी चूक. चुका दोन आहेत, आणि दोन्ही या नारदाच्या गादीवर उभं राहून केलेल्या, म्हणून त्या इथंच उभं राहून सांगायला पाहिजेत.

पहिली अशी. पुष्कळ वर्षं मी दृष्टांत द्यायचो की जड धोंडा लवकर पडतो, हलका उशिरा. तसा पापाचं ओझं असलेला जीव झपाट्यानं खाली जातो. लोक माना डोलवायचे. एका गावी सप्ताह होता. हा दृष्टांत रात्री दिला आणि दुसऱ्या दिवशी काकडा आटोपल्यावर नववीतली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. मागे तिचा बाप, संकोचून गेलेला. पोरगी म्हणाली, "महाराज, तुम्ही राती सांगतलं ते बरोबर नाही." बाप म्हणाला, "चूप बस वं!" मी म्हटलं, बोलू द्या तिला. तिनं माझ्या पुढ्यातला पूजेचा नारळ उचलला, दुसऱ्या हातात सुपारी घेतली, पाराच्या ओट्यावर चढली, दोन्ही हात सारखे वर धरले आणि एकदम सोडले. खट्! एकच आवाज. म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा एकच आवाज. अहो, नारळ सुपारीच्या कितीतरी पट जड! दोघं जमिनीला एकाच क्षणी टेकतात. मी हार मानीना. म्हटलं, पिंपळाचं पान टाकून दाखव. पान हेलकावे खात मागून आलं. मी म्हटलं, बघ! ती म्हणाली, "त्याले हवेनं अडवलं, महाराज. हवा नसती तं पानही संगंच आलं असतं."

ती पोर खरं बोलत होती. चंद्रावर हवा नाही. १९७१ साली अपोलो १५ या यानातून डेव्हिड स्कॉट नावाचे गृहस्थ तिथं उतरले. त्यांनी एका हातात हातोडा धरला, एका हातात ससाण्याचं पीस, आणि दोन्ही सोडलं. दोन्ही बरोबर टेकलं. त्याचं चित्रीकरण आहे, मी नातवाच्या फोनवर पाहिलंय. असं का होतं? जड वस्तूला धरती जास्त ओढते हे खरंच. पण जड वस्तू हलवायलाही तितकीच जड. बंडीत ओझं दहापट भरलं आणि बैलही दहापट जुंपले तर बंडीची चाल काय होईल? तीच राहील. तसं हे.

त्या रात्री मंडपात उभं राहून सांगितलं की काल माझं चुकलं, या गावच्या लेकीनं मला सुधारलं. कुजबुज झाली. एक जुने टाळकरी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, असं कबूल करायचं नसते. लोकायचा इश्वास जाते." मी म्हटलं, नारळ-सुपारीनं जाणारा विश्वास असेल तर तो मला राखायचा नाही. आज ती पोर कुठं आहे ठाऊक नाही. शिकली असावी.

दुसरी चूक मोठी. मी मोठ्या आवेशानं सांगायचो की गुरुत्वाकर्षण आमच्या भास्कराचार्यांनी आधीच लिहून ठेवलं आणि त्या न्यूटननं ते उचललं. टाळ्या हमखास. एका मास्तरांनी मला एकदा विचारलं, "महाराज, आचार्यांचा ग्रंथ वाचलाय का?" नव्हता वाचला. ऐकलेलं बोलत होतो. मग वाचला, संस्कृत आळंदीला शिकलो होतो, त्याचा उपयोग झाला.

काय आहे त्यात? भास्कराचार्य आपल्या महाराष्ट्राच्या मुलखाशी जोडलेले. जन्म शके १०३६, म्हणजे सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे. त्यात त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. हा चांगदेव निराळा बरं का, वाघावर बसून आळंदीला आलेले ते नव्हेत. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, महाराजांनी सांगितलं.

तर त्या सिद्धान्तशिरोमणीत गोलाध्याय आहे, आणि तिथं आचार्य विचारतात: पृथ्वीला आधार कोणाचा? कोणी म्हणतो शेषाचा. बरं, शेषाला आधार कोणाचा? त्याला आणखी एकाचा. त्याला आणखी. हे संपणार कुठं? शेवटी कोणीतरी एक आपल्याच शक्तीनं उभा आहे असं मानावं लागतं. मग ती शक्ती शेवटच्याची मानण्यापेक्षा पहिल्याचीच, पृथ्वीचीच का मानू नये? पुढे सांगतात की पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि ती पडते असं आपल्याला दिसतं. आणि पृथ्वी स्वतः? तिच्या भोवताली आकाश सगळीकडे सारखंच, तिनं पडावं तरी कुठं? साडेआठशे वर्षांहून जुनं हे बोलणं! काय बुद्धी असेल! मी ते वाचलं त्या रात्री झोपलो नाही.

पण मायबाप, जे आहे ते आहे आणि नाही ते नाही. पृथ्वी ओढते, एवढं आचार्यांनी सांगितलं. आंबाही पृथ्वीला ओढतो, हे सांगितलं नाही. किती अंतरावर किती ओढ, याचं गणित दिलं नाही. आंब्याला पाडणारी आणि चंद्राला धरून ठेवणारी ओढ एकच, हे सांगितलं नाही. ते न्यूटननं सांगितलं, १६८७ सालच्या ग्रंथात. तेव्हा इकडे संभाजीराजांचं राज्य होतं, समर्थांना जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यानं कोणाचं उचललं असं म्हणायला माझ्याजवळ काही पुरावा नव्हता. टाळीच्या लोभानं म्हणत होतो. आचार्यांनी स्वतः सांगितलं तेच इतकं मोठं आहे की त्यांना माझ्या खोट्याची गरज नाही.

आणि न्यूटननं काय सांगितलं? या विश्वात जेवढ्या म्हणून वस्तू आहेत त्यातली प्रत्येक, दुसऱ्या प्रत्येकीला ओढते. डोंगर ओढतो, खडा ओढतो, तुम्ही ओढता, मी ओढतो. वस्तूत ऐवज जितका जास्त तितकी ओढ जास्त. शाळेत त्या ऐवजाला वस्तुमान म्हणतात. अंतर दुप्पट झालं तर ओढ निम्मी नाही होत, चौथाई होते. तिप्पट झालं तर नववा हिस्सा उरतो. कमी होते, बारीक होते, पण शून्य कधी होत नाही. आणि एक शेवटची गोष्ट: दोघांतली ओढ दोघांवर सारखी.

इथं थांबा. माय, तुम्ही जे विचारलं ना, ते इथं आलं.

दीडशे ग्रॅमचं संत्रं आणि ही एवढी धरती. सहावर चोवीस शून्यं मांडली तर तिचे किलो होतात. धरती संत्र्याला ज्या जोरानं ओढते, नेमक्या त्याच जोरानं संत्रं धरतीला ओढतं. रतीभर कमी नाही, जास्त नाही. कोणी म्हणेल, महाराज, मग संत्रंच काहून पडते? धरती काहून वर येत नाही? चांगला प्रश्न आहे. वारीत फुगडी पाहिली आहे ना? रिंगण झालं की आजोबा नातीचे हात धरतात आणि फुगडी घालतात. हात एकमेकांत गुंतलेले, ओढ एकच. नात मोठा घेर घेऊन गरगर फिरते. आजोबा आपले जागच्या जागी. दुरून पाहणारा म्हणतो, पोरगीच फिरते, म्हातारा उभा आहे. पण जवळ जाऊन त्यांचे पाय पाहा. तेही लहानसा घेर घेतात. जड आहेत म्हणून कमी हलतात. हलतात मात्र नक्की.

ही माझी कल्पना नव्हे हो, आकाशात असंच चाललंय. चंद्र पृथ्वीच्या मानानं हलका, एक्क्याऐंशी चंद्र मिळून एक पृथ्वी. आपण म्हणतो चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. खरं पाहिलं तर दोघं मिळून एका बिंदूभोवती फुगडी घालतात. तो बिंदू पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४७०० किलोमीटरवर पडतो, आणि पृथ्वीचा मध्य आपल्या पायाखाली ६३७१ किलोमीटरवर. म्हणजे फुगडीचा खुंटा पृथ्वीच्या पोटातच आहे, म्हणून तिचं डोलणं आपल्याला कळत नाही. पण डोलते. तिकडे मुंबई-कोकणात समुद्राला भरती येते तीही मुख्यतः चंद्राच्याच ओढीनं. कोळी बांधव तिथी पाहून होडी काढतात.

आणि चंद्र पडत का नाही? पडतो! सारखा पडतो. पण पडता पडता पुढंही पळतो, म्हणून पृथ्वीला घिरट्या घालतो. झाडाचा आंबा सुटला तर पहिल्या सेकंदात सोळा फूट पडतो. पृथ्वीच्या मध्यापासून आंबा जितका दूर, त्याच्या साठपट चंद्र दूर. साठ साठे छत्तीसशे. ओढ छत्तीसशेवा हिस्सा झाली. हिशेब केला तर आंबा एका सेकंदात पडतो तेवढाच चंद्र एका मिनिटात पडायला हवा. तेवढाच पडतो! एका अंगणातला आंबा आणि आभाळातला चांदोबा एकाच दोरीत ओवलेले. दोरी मात्र दिसत नाही. आपल्या माधानचे गुलाबराव महाराज लहानपणीच डोळ्यांनी अंध झाले, पण इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी केवढी ग्रंथरचना केली. दिसत नाही म्हणून नाही, असं वऱ्हाडच्या माणसानं तरी म्हणू नये.

आता कोणी शेजारच्याकडे पाहत असेल. मी याला ओढतो, हा मला ओढतो, मग आम्ही एकमेकांवर आदळत कसे नाही? ओढ फार बारीक आहे म्हणून. साठ-साठ किलोची दोन माणसं मीटरभर अंतरावर बसली तर त्यांच्यातली ओढ किती? एका ग्रॅमचे चाळीस हजार भाग करा, त्यातल्या एका भागाच्या वजनाइतकी. सतरंजीच त्याहून जास्त धरून ठेवते. पण इतकी बारीक ओढही माणसानं मोजली. इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश म्हणून एक अबोल, एकलकोंडा मनुष्य होता. त्यानं लाकडी दांडीच्या दोन टोकांना पाऊण-पाऊण किलोचे शिशाचे गोळे लावले, दांडी मधोमध बारीक तारेनं टांगली, आणि दीडशे किलोहून जड असे दोन शिशाचे गोळे त्यांच्याजवळ आणले. दांडी अगदी किंचित वळली. वाऱ्याची झुळूक, अंगाची ऊब यांनी घोटाळा होऊ नये म्हणून तो खोलीबाहेर उभा राहून भिंतीतल्या दुर्बिणीतून पाहायचा. १७९८ साली त्यानं सांगितलं की सगळी पृथ्वी मिळून पाण्याच्या जवळजवळ साडेपाचपट जड आहे. खोलीतल्या दोन गोळ्यांची ओढ मोजली आणि धरतीचं वजन हाती लागलं. याला म्हणतात साधना. आपण दहा मिनिटं डोळे मिटून बसत नाही.

बरं, ही ओढ जिथं नाही अशी जागा आहे का? पोरं म्हणतात, अवकाशात नसते, तिथं माणसं तरंगतात. २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर जाऊन आले, तरंगताना सगळ्यांनी पाहिलं. ते स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथं पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. तरंगतात याचं कारण, स्थानक आणि आतली माणसं चंद्रासारखी बरोबरच पडत असतात. नारळ आणि सुपारी बरोबर पडली तशी. सगळेच एका चालीनं पडले तर कोण कोणावर टेकणार?

ओढीविना जागा नाही, हे ऐकलं की मला औंढा आठवतं. वाशीमच्या खाली उतरलं की हिंगोली, तिथून जवळच औंढा नागनाथ. आपण त्याला ज्योतिर्लिंग मानतो. नामदेवराय गुरूच्या शोधात निघाले. देव त्यांच्याशी बोलत होता, जेवत होता, पण गुरू नव्हता. औंढ्याला येऊन पाहतात तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालो बाबा, पाय हलवत नाहीत, देव नसेल तिथं तूच ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथं पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथं पिंड. मग नामदेव पाय ठेवायचं सोडून पायाशी बसले.

आणि योगायोग पाहा. त्याच औंढ्याजवळ आज या गुरुत्वाकर्षणाचीच वेधशाळा होत आहे. आईन्स्टाईन नावाच्या शास्त्रज्ञानं १९१६ साली गणितानं सांगितलं होतं की फार जड गोळे एकमेकांभोवती फिरून आदळले तर अवकाशालाच लाट येईल, तळ्यात दगड टाकल्यावर यावी तशी. ती लाट पकडायला शंभर वर्षं लागली. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी पहिली पकडली. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांना ओढत ओढत एक झाली होती, त्याचा तो तरंग. तसलं यंत्र आता औंढ्याजवळ व्हायचंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, एकमेकींना काटकोनात, आतली हवा काढून घेतलेली, त्यातून लेसरचा किरण धावतो आणि परत येतो. लाट गेली की एक नळी लांबते, एक आखडते, किती? अणूच्या गाभ्यातला जो कण असतो त्याच्याही शेकडो पट बारीक. म्हणून निवांत जागा लागते. आपल्या नांदगाव पेठेला नसतं जमलं. हायवेवरून ट्रक गेला की या मंडपाचा पडदा थरथरतो, ऐका, आत्ताच गेला! विसोबांच्या गावाला ती शांतता मिळाली. आणि कृष्णविवर हे नावही कसं पडलं बघा, ज्याच्या ओढीतून प्रकाशसुद्धा सुटत नाही त्याला. तिथं कृष्ण म्हणजे काळा, मला ठाऊक आहे. तरी बरं वाटतं.

आता सावध करतो. मी विज्ञानानं देव सिद्ध केला असं उद्या चावडीवर सांगू नका. शास्त्रकारांनी बजावलंय की दृष्टांत एकाच अंगानं घ्यायचा. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणून नवरीच्या गालावर डाग शोधू नयेत. ही ओढ अंतरानं कमी होते. भक्ताची ओढ दुराव्यानं वाढते. आपल्या कौंडण्यपूरची रुक्मिणी पाहा. द्वारका कुठं, वर्धेचा काठ कुठं! पाहिलेलं नाही, नुसते गुण ऐकलेले, आणि ब्राह्मणाच्या हाती पत्र देते. इथं न्यूटनचं गणित चालत नाही. पण एक अंग मी घेतो: ओढीला दोन टोकं असतात. एकाच टोकाची ओढ या सृष्टीत शोधून सापडली नाही. रुक्मिणीचं पत्र पोहोचलं तेव्हा भागवतातला भगवान काय म्हणतो? मलाही रात्री झोप येत नाही. रथ जोडला आणि एका रात्रीत विदर्भात आला.

आता थोडं आख्यान, वेळ झाला आहे. तुलाभाराची कथा. भागवतात शोधाल तर सापडायची नाही. पण परंपरेनं कीर्तनकारांच्या तोंडी चालत आली. त्याआधी वजन म्हणजे काय एवढं ध्यानात घ्या. धरती तुम्हाला किती ओढते, ते तुमचं वजन. किराणा दुकानातल्या स्प्रिंगच्या काट्यावर साठ किलो भरणारा माणूस चंद्रावर त्याच काट्यावर दहा भरेल. माणूस तोच, हाडमांस तेच. वजन एकट्याचं नसतंच, दोघांमधलं असतं.

तर सत्यभामेनं नारदाला कृष्ण दान दिला. व्रताच्या भरात दिला आणि नारद वीणा वाजवत चालला घेऊन! आता रडारड. नारद म्हणाला, सोडवायचा असेल तर भारोभार सोनं दे. तराजू उभा केला. एका पारड्यात श्रीहरी मांडी घालून बसले, हसतायत. दुसऱ्यात सत्यभामेचे दागिने. पारडं हलेना. कोठार रिकामं झालं. हलेना. सवतींचे दागिने आले. हलेना. देवाचं पारडं जमिनीला चिकटलेलं. शेवटी मान खाली घालून सत्यभामा रुक्मिणीकडे गेली. आपल्या वऱ्हाडची लेक ती, काही बोलली नाही, टोमणा मारला नाही. अंगणात गेली, वृंदावनाला हात जोडले, एक पान घेतलं, सोनं काढून ठेवायला लावलं आणि पान पारड्यात ठेवलं. देवाचं पारडं उचललं!

आळंदीला आमचे गुरुजी ही कथा सांगून आम्हा पोरांना विचारायचे, "पान जड झालं, की देव हलका झाला?" आम्ही भांडायचो. अर्धे म्हणायचे पान जड, अर्धे म्हणायचे देव हलका. गुरुजी सुपारी कातरत ऐकत राहायचे आणि म्हणायचे, "इतका जड देव जागचा हलला, ते कोणी पाहिलं का?"

माय, पाहिलं का तुम्ही? तुमच्या अंगणात तुळस आहे ना? मग परवा काल्याला येताना तिचं एक पान घेऊन या. गुडघे दुखत असतील तर कोणा पोराच्या हाती पाठवा, काल्याच्या हंडीत तेच घालू.

टाळ घ्या. विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल...